कब्जा सर

सरांनी पिशवीतून चिकू बाहेर काढला की मी मनातल्या मनात नियम घोकायला लागायचे. सकाळी पावणेसातला डहाणू रोड स्टेशनाबाहेरून तलासरीला जाणारी शेअर जीप सुटायची. मधल्या सीटवर चौघांच्या जागेत पाच जण, पायांशी कुणाची तरी भाजीची पाटी, आणि माझ्या शेजारी मांडीवर कापडी पिशवी घेतलेले आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक. गाव मागं पडायच्या आत त्यांचा हात पिशवीत जायचा.

"मॅडम, हा चेंडू. मी गोलकीपर," असं म्हणून ते चिकू टपापर्यंत उडवायचे. "आत्ता कोणाचा?"

"तुमचा, सर."

"माझ्या हातात आहे का?"

"नाही."

"मग माझा कसा?"

आता सगळी जीप माझ्याकडे बघायला लागायची. मी घोकून ठेवलेलं म्हणायचे, "कीपरनं लाथ मारण्यासाठी चेंडू हातातून सोडला, तरी पाय लागेपर्यंत तो त्याचाच. मधे दुसऱ्या कुणी पाय घातला तर गुन्हा."

"शाब्बास," म्हणून सर तो चिकू मला खायला द्यायचे. उत्तर चुकलं तर स्वतः खायचे आणि तलासरी येईपर्यंत समजावून सांगायचे. मी डहाणूजवळच्या मसोलीची. आमची स्वतःची चिकूची वाडी आहे, घरी चिकूकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण जीपमधला तो चिकू हातात पडला की परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

मी विज्ञान शिकवते आणि मी जात्याच घाबरट आहे. कुलूप लावून दहा पावलं गेले की परत येऊन ओढून बघते. वर्गाला प्रयोग दाखवताना परीक्षानळी फुटेल म्हणून आधीच एक पाऊल मागं सरकते. अशा बाईच्या हातात सरांनी लाइन्समनचा झेंडा दिला, कारण मी शाळेत नवीन होते. जुन्या शिक्षकांपैकी एकाची कंबर धरलेली असायची, दुसऱ्याला मतदार याद्यांचं काम असायचं, तिसरे सरांना लांबून बघताच मुतारीकडे वळायचे. मला नाही म्हणता येत नाही, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

मुली त्यांना पाठीमागं 'कब्जा सर' म्हणायच्या. मैदानावर काहीही झालं की सरांचा एकच प्रश्न असायचा, "कब्जा कोणाचा?" चेंडू कुठं गेला, कोण पडलं, कोण रडतंय, हे सगळं नंतर. एकदा हे नाव ऐकून उधव्याकडचे एक गृहस्थ जमिनीचे कागद घेऊन शाळेत आले. जंगलपट्टीतला तुकडा तीन पिढ्या कसतायत आणि कागद काही होत नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं. दुसऱ्या कुणी त्यांना सरळ तहसीलचा रस्ता दाखवला असता. सरांनी अर्धा तास मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पहिला हात कुणाचा लागला?"

"आज्याचा."

"मधे कधी सोडली होती?"

"कुठं सोडतो, सर? सोडून खायाचं काय?"

"मग तुमचीच," असं म्हणून सर रजा टाकून त्यांच्याबरोबर तहसीलला गेले. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, पण पुढं दर भादव्यात त्या घरून सरांसाठी काकड्या यायच्या.

स्टाफरूममध्येही तेच. मुख्याध्यापिका बाई अर्धा चहा टेबलावर ठेवून फोनवर बोलायला व्हरांड्यात गेल्या आणि शिपाई कप उचलायला आला, की सर हात आडवा घालायचे. "थांब. त्या परत येणार आहेत. कप अजून बाईंचा." बाई आल्या की चहावर साय धरलेली असायची आणि सर पहारेकऱ्यासारखे उभे. बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, न्यायलाच ठेवला होता मी तो!" सर म्हणाले, "मग तसं दिसायला हवं होतं." सरांवर रागवावं तर कुठून सुरुवात करावी, हे कुणालाच कळत नसे.

शिट्ट्या दोन. एक गळ्यात, दुसरी उजव्या मोज्यात, पहिली ऐन वेळी अडकली तर असावी म्हणून. नियमांचं पुस्तक झेरॉक्स केलेलं, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेलं, कडांवर लाल पेन्सिलीनं बारीक टिपणं. निकाल देताना तर फारच पंचाईत. शिट्टी वाजवायची, खेळ थांबवायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. नुकतंच घडलेलं सगळं ते पुन्हा बघायचे, बोटानं हवेत चेंडूचा रस्ता काढत. दोन्ही संघ उन्हात ताटकळत, प्रेक्षक शिव्या देत, आणि सरांचं बोट हवेत फिरतंय. पण निकाल दिला की तो बदलायचा नाही, आणि चुकलेला मी तरी ऐकला नव्हता. एका तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यांनी स्वतःच्याच शाळेविरुद्ध पेनल्टी दिली होती. मुली आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. डहाणू-तलासरी दोन्ही तालुक्यांत रेफरीचं सर्टिफिकेट असलेले तेवढे एकच, आणि त्यांना कुठल्याही सामन्यात उभं केलं तरी समोरच्याची हरकत नसायची.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपला एक संघ, एकदा, जिल्ह्याबाहेर न्यायचा. जिल्ह्याची फायनल जिंकली की विभागीय स्पर्धा. तीस वर्षांच्या नोकरीत ते कधी जमलं नव्हतं आणि येत्या मेअखेर ते रिटायर होणार होते. विभागीयसाठी म्हणून त्यांनी कधीकाळी एक निळा ट्रॅकसूट घेऊन ठेवला होता. सर एकटेच, स्टेशनामागच्या एका खोलीत राहायचे. मी एकदा झेंडे आणायला गेले तेव्हा तो कपाटातून काढून दाखवला. पॅकिंग फोडलेलं नव्हतं. "दर दिवाळीत वरूनच लावून बघतो," म्हणाले. "अजून बसेल." ते एवढ्या सहज म्हणाले की मला उगाच भरून आलं, आणि त्या दिवसापासून त्यांची काळजी माझी झाली. संघ हरला तर यांचं काय होईल, हा घोर मला त्यांच्यापेक्षा जास्त लागला.

आता वनिताचं सांगते. आमची पुढं खेळणारी, दहावीतली, काटकुळी आणि भलतीच चपळ. घर तलासरीच्या आतल्या पाड्यावर. सुट्टीत आईबरोबर डहाणूकडच्या वाड्यांवर चिकू काढायच्या कामाला जायची. आमच्याकडच्या वाड्यांत एक रीत आहे. लांब बांबूच्या टोकाच्या जाळीत आलेला चिकू मालकाचा. जाळीतून निसटून खाली पडला तर तो पेटीत चालत नाही, दबतो. तो ज्याचा हात पहिला पोचेल त्याचा. चिकू पडल्याचा आवाज झाला की पोरं वाऱ्यासारखी धावतात. लहानपणी मीही धावलेय, आणि मजुरांच्या मुलींच्या आधी मला कधीच पोचता आलं नाही.

जुलैत मैदानाचा चिखल झाला आणि सरांनी मुलींना वर्गात बसवलं. सरांच्या पुतण्यानं अमेरिकेहून तिकडच्या फुटबॉलचे व्हिडिओ पाठवले होते. त्या खेळात चेंडू अंड्यासारखा आणि बहुतेक वेळ हातातच. तीन महिने सर त्या खेळाचे नियम समजून घेण्यात बुडाले होते आणि जीपमध्ये मीही बुडत होते. त्या दिवशी ते फळ्यावर रेघा मारून शिकवत होते आणि शेजारच्या प्रयोगशाळेत मला सगळं ऐकू येत होतं.

"तिकडं एकानं लाथ मारायला चेंडू हातातून सोडला की समोरच्यानं धावून तो अडवायचा. अडवला तर टाळ्या! अडवलेला चेंडू या रेघेच्या अलीकडं राहिला तर कुणीही उचला, कुणीही पळा. रेघेपलीकडं गेला तर मात्र तो समोरच्यांचा, त्यांनी झेलून सोडल्याशिवाय लाथ मारणाऱ्यांनी घेऊन पळायचं नाही. कळलं?"

"हो, सर," असा एका सुरात आवाज आला. काही कळलं नाही की मुली असंच म्हणतात.

मग सरांनी चिकू काढला. आधी तिकडचा नियम करून दाखवला, मग आपला. "आपल्याकडं असा पाय घालायचा नाही, बरं का. आपल्याकडं तो गुन्हा," हे वाक्य आणि मधल्या सुट्टीची घंटा एकदमच झाली. मी भिंतीपलीकडं होते. मला तेव्हाच वाटलं की यातलं अर्धंच पोचलं असणार. जाऊन सांगावं, सर, तिकडचं कशाला शिकवलंत? पण त्यांचा हिरमोड होईल म्हणून मी परीक्षानळ्या धूत बसले.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो. समोर किनाऱ्यावरच्या एका शाळेचा संघ. त्यांची गोलकीपर भाविका नावाची उंच मुलगी, जिच्यावर त्या स्पर्धेत एकही गोल झाला नव्हता. सामन्याच्या सकाळी नेमलेला रेफरी मोटरसायकलवरून पडून पाय मोडून बसला. आयोजकांची धावपळ उडाली. शेवटी किनाऱ्याच्या संघाचे सरच म्हणाले, "कब्जा सर आहेत ना? उभे करा त्यांनाच. आपली काही हरकत नाही."

आमच्या सरांचा चेहरा पडला. "माझीच शाळा आहे हो," ते दोनदा म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी मोज्यातली शिट्टी चाचपली, लाइन्समनचा झेंडा माझ्या हातात दिला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आज मला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. मला जिंकायचंय ना. तुमच्या डोळ्यांवर खेळवतो."

एवढं बोलून ते मैदानात गेले आणि झेंडा काठीवर नीट बसलाय का ते मी दोनदा ओढून बघितलं.

सामना संपायला दोनतीन मिनिटं उरली तरी गोल नव्हता. भाविकानं एक उंच चेंडू अलगद झेलला. कीपरच्या हातात चेंडू गेला की रेफरी पाठ फिरवून मध्याकडं धावायला लागतो, पुढची लाथ तिकडं येणार म्हणून. सरही वळले. भाविका दोन पावलं पुढं आली, तिनं चेंडू पायासमोर सोडला, पाय मागं घेतला, आणि वनिता कुठून तरी आली. चेंडू जमिनीला लागायच्या आत तिनं पाय घातला. चेंडू उलटा फिरून रिकाम्या गोलात गेला. भाविकाची लाथ वाऱ्यात.

मी दहा पावलांवर होते. मी सगळं पाहिलं.

आमच्या मुली किंचाळत वनितावर पडल्या. सर गर्रकन वळले. चेंडू जाळीत, कीपर जमिनीवर बसलेली. त्यांनी आधी माझ्या झेंड्याकडं पाहिलं. झेंडा खाली होता. तो वर कर, वर कर, असं मी स्वतःला सांगत होते आणि हात पायाला चिकटून बसला होता. तिकडचे सर भाविकावर ओरडत होते. आमचे सर माझ्यापर्यंत चालत आले.

"मॅडम, कब्जा कोणाचा होता?"

मला तो न फोडलेला ट्रॅकसूट दिसत होता, दुसरं काहीच दिसत नव्हतं.

"कीपरच्या हातात नव्हता, सर."

"नक्की?"

"नक्की. हातात नव्हता."

त्यांना वाटलं तिच्या हातून निसटला. माझ्यासारखी घोकलेली बाई नियम अर्धा सांगेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. शिट्टी वाजवून मध्याकडं बोट दाखवलं. गोल.

आम्ही जिंकलो.

सोमवारी सर जीपच्या थांब्यावर निळ्या ट्रॅकसूटमध्ये उभे होते. इतक्या वर्षांच्या घड्यांच्या रेषा त्यावर तशाच होत्या. "बेसो बेसो, मास्तर, आज तर हिरो!" असं म्हणत ड्रायव्हरनं त्यांना पुढची सीट दिली. सर लाजले. त्या दिवशी पिशवीतून चिकू निघाला तो प्रश्न न विचारताच माझ्या हातावर आला. तो मला गिळवेना. खिडकीबाहेर टाकावा तर सर बघतील, म्हणून पर्समध्ये ठेवला आणि तिथं तो पिकून फुटला.

त्याच संध्याकाळी आमच्याकडं मासे घेऊन येणारी मावशी आली. ती नेमकी भाविकाच्या गावची. बोंबील मोजता मोजता आईला सांगत होती, "काय सांगू बाय, आमचे बाजूची पोर हाय ना, ती बॉलवाली? तिच्या हातातशी बॉल पडला न् सामना गेला. आता सगले हसतान तिला. बोलतान, हाताला लोणी लावलंय काय? तिचे सरनं पन गोलातशी काढली तिला. पोर जेवत नाय धड."

"होतं असं खेळात," आई म्हणाली.

"ती बोलते, पडला नाय, मीच सोडलेला लाथ माराला. पन कोन ऐकतंय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते बघितलं. बंदच होता. पुन्हा बघितलं. त्या दोन दिवसांत मी काय खाल्लं, वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. सर समोरून आले की मी जिना बदलायचे. सांगावं तर सरांचा आनंद मी माझ्या हातानं हिसकावणार, आणि न सांगावं तर मावशी उद्या पुन्हा मासे घेऊन येणार.

बुधवारी मला सांगावंच लागलं नाही. मधल्या सुट्टीत सरांनी धाकट्या मुलींना मैदानात जमवलं. "वनिता, तो गोल कसा मारलास ते दाखव यांना. मी पाठमोरा होतो, मलाही बघायचाय." चेंडू खोलीत कुलपात होता. सरांनी पिशवीतून चिकू काढला. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी होते. ओरडून थांबवावं असं वाटलं, पण मी हातातली परीक्षानळी पुसत राहिले.

सर कीपर झाले. त्यांनी चिकू पायासमोर सोडला आणि वनितानं धावत येऊन पाय घातला. पिकलेला चिकू फुटून थेट निळ्या ट्रॅकसूटवर. मुली हसून लोळायला लागल्या. सर हसले नाहीत.

"त्या दिवशी असंच होतं? तिनं सोडला होता? लाथ मारायला?"

"असाच, सर," वनिता अभिमानानं म्हणाली. "हातातशी सुटला का ज्याचा पाय पयला त्याचा. तुमीच तं सांगलं होतं. आन् वाडीत पन तसंच असतं."

सरांनी डोळे मिटले. बोट हवेत फिरायला लागलं. मुलींचं हसणं हळूहळू थांबलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्या खिडकीकडं पाहिलं.

अर्ध्या तासानं ते प्रयोगशाळेत आले तेव्हा अंगात जुना करडा शर्ट होता. हातात पुस्तक. मी उभी राहिले. सर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही पाहिलं होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"पूर्ण पाहिलं होतं?"

"पूर्ण. सर, तुमचा ट्रॅकसूट..." मी रडायला लागले, आणि रडता रडता भाविकाचं, मावशीचं सगळं सांगून टाकलं. सर स्टुलावर बसून ऐकत होते.

"चूक आधी माझी आहे," ते म्हणाले. "वनिताला मीच भलतं शिकवलं. तिकडचं मला फार आवडलं होतं हो." मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि लाल रेघ मारलेली एक ओळ माझ्यापुढं धरली. खेळ पुन्हा सुरू झाला किंवा सामना संपवून रेफरी मैदानाबाहेर गेला, की निकाल बदलता येत नाही. "सकाळपर्यंत मला हा नियम फार आवडायचा. आता आयोजकांना कळवलं तरी निकाल तोच राहणार. विभागीयला आपणच जाणार."

"मग काय करायचं, सर?"

त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्या कडा सरळ केल्या. "गोल राहू दे," ते शेवटी म्हणाले. "पण त्या मुलीची फ्री किक देणं बाकी आहे."

मला वाटलं, धक्का बसून सर काहीतरी बरळतायत. पण शुक्रवारी सकाळी जीपच्या थांब्यावर ते आणि वनिता माझी वाट बघत उभे होते. वनिताला त्यांनी सगळं समजावलं होतं. ती ऐकून निघून गेली होती आणि गुरुवारी स्वतःच म्हणाली होती की मीपण येते. आदल्या रात्री मसोलीलाच कुणा नातेवाइकाकडं राहिली होती. कुणाच्या वाडीवर, हे मी विचारलं नाही. आमच्याच निघाली तर, अशी भीती वाटली.

"तुम्ही यायलाच हवं असं नाही, मॅडम," सर म्हणाले. मी किनाऱ्याकडं जायला ठरवलेल्या रिक्षात जाऊन बसले.

किनाऱ्यावरच्या त्या शाळेत परिपाठ संपत आला होता. सुरूच्या झाडांमागं समुद्र, आणि वाऱ्यावर वाळत घातलेल्या माशांचा वास. सरांनी तिथल्या मुख्याध्यापकांशी दोन मिनिटं बोलून परवानगी घेतली. मग ते रांगांपुढं उभे राहिले. भाविका मागच्या रांगेत खाली मान घालून उभी होती.

"मी त्या दिवशीचा रेफरी," सर म्हणाले. "भाविकाच्या हातून चेंडू पडला नव्हता. तिनं तो लाथ मारायला सोडला होता. तो तिचाच होता. गोल चुकीचा दिला. चूक रेफरीची." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग पिशवीतून झेंडा काढून माझ्या हातात दिला. "मॅडम."

तीनशे मुलं माझ्याकडं बघत होती. मी झेंडा वर केला. या वेळी हात वर गेला.

सरांनी शिट्टी वाजवली. ती अडकली. त्यांनी खाली वाकून मोज्यातली काढली आणि जोरात फुंकली. मग पिशवीतून चेंडू काढून जमिनीवर ठेवला आणि उजवा हात सरळ डोक्यावर उंच धरला. अशा फ्री किकची ती खूण. किक मारल्यावर चेंडूला दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होईपर्यंत किंवा तो रेघेबाहेर जाईपर्यंत रेफरीनं तो हात खाली आणायचा नसतो.

"ये, भाविका. किक तुझी."

ती जागची हलली नाही. "आता काय उपयोग, सर?"

"उपयोगाचं मला माहीत नाही, बाळा. तुझी आहे ती."

सरांचा हात वरच. अठ्ठावन्नला टेकलेला माणूस, खांदा आखडलेला, जीपमध्ये दांडी धरतानाही कण्हणारा. किती वेळ उभे राहतील हे? घंटा झाली तर? मुख्याध्यापक येऊन थांबवतील का? आणि ती आलीच नाही तर? तिथले सर मागं उभे होते. ते हळूच पुढं झाले आणि भाविकाच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाले.

भाविका पुढं आली. तिनं चेंडू उचलला, कीपरच्या सवयीनं एकदा छातीशी धरला, पुन्हा खाली ठेवला, दोन पावलं मागं गेली आणि असा तडाखा दिला की चेंडू सगळ्या रांगांवरून, कुंपणाच्या तारेवरून थेट वाळूत गेला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पटांगणाला रेघा नव्हत्या, आणि चेंडूला कुणी हात लावला नव्हता, पाय लावला नव्हता. सरांचा हात वरच. कुणाला काही कळेना. मला कळत होतं, आणि मी धावायच्या बेतात होते, तेवढ्यात वनिता सुटली. तारेखालून सरपटत बाहेर, वाळूतून धावत. तिनं चेंडू पायानं थांबवला आणि तिथूनच मागं वळून सरांकडं पाहिलं.

सरांचा हात खाली आला.

वनितानं चेंडूला लाथ मारली नाही. तो उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून परत चालत आणला आणि भाविकाच्या हातात दिला. "घे," ती म्हणाली. "तुजाच होता तो. मना ठाऊक नव्हतं." भाविका हसली नाही, पण तिनं चेंडू घेतला.

विभागीयला आम्ही पहिल्याच सामन्यात पाच गोलांनी हरलो. सर तिथं करड्या शर्टात आले होते. पण माझ्या डोळ्यांपुढं तो सामना येत नाही. मला आठवतं ते त्या शाळेचं पटांगण. मुलं वर्गांकडं निघाली होती, सर खांदा चोळत माझ्याकडं येत होते, आणि मी अजून तशीच उभी होते. काय करायचं ते मला सुचत नव्हतं. सर जवळ आले, माझ्या डोक्यावर बघितलं आणि हळूच म्हणाले,

"झेंडा खाली घ्या आता, मॅडम. मला दिसला."